खालची सीमा

३० नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची. भोरहून निघताना आईने बॅगेत इतके लाडू कोंबले, की मी सूर्याचा अभ्यास करायला निघाले आहे की दुष्काळी कामावर, असं बाबांनी विचारलं. एसटीने नसरापूरमार्गे वेल्ह्याला आणि तिथून बंडूच्या टेम्पोने घाट ओलांडून पानशेतच्या मागच्या अंगाला. बंडू हा माझ्या घरमालकांचा मुलगा. मागे कोंबडीखाद्याची पोती, पुढे मी, मांडीवर कॉम्प्युटर. वाटभर बंडूने मोबाईलवर गाणी लावली आणि एकदाही माझ्या लग्नाची चौकशी केली नाही, म्हणून तो मला तिथेच आवडला.

घर वस्तीतलं शेवटचं. खाली मानसिंगकाका, सखूबाई आणि बंडू. वर स्लॅबवर आमच्या संस्थेने बांधलेली एक खोली आणि शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये दुर्बीण. ही दुर्बीण फक्त सूर्य बघते, त्यामुळे रात्री जागायचं नाही. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. सखूबाईंनी विचारलं, की सूर्य तर उघड्या डोळ्यांनाही दिसतोय, त्याला दुर्बीण कशाला? मी म्हटलं, एवढा लख्ख दिसतो म्हणूनच त्याचं काही कळत नाही. उत्तर त्यांना आवडलं नाही. मला मात्र आवडलं.

भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर ताक. इथे मी जाड होणार.

४ डिसेंबर, गुरुवार

दिवसाला वळण लागलं. ऊन डोंगरावरून उतरलं की शेडचा पत्रा सरकवायचा, दुर्बीण सूर्याकडे वळवायची आणि दुपारपर्यंत नोंदी घ्यायच्या. मग खाली जेवण, मग वर येऊन मॉडेल.

मॉडेल म्हणजे काय, हे काल प्रेरणाला समजावत होते. प्रेरणा ही सखूबाईंची मुलगी, सारोळ्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस भरलेत, त्यामुळे बसून ऐकण्यावाचून बिचारीला गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं, सूर्याची हवा काही आपल्याला भांड्यात भरून आणता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये तिचे थर रचायचे, एकावर एक, चपात्यांच्या चळतीसारखे. प्रत्येक थराला तापमान द्यायचं. मग या चळतीतून बाहेर पडणारा प्रकाश कसा दिसेल ते काढायचं आणि दुर्बिणीने टिपलेल्या खऱ्या प्रकाशाशी ताडून बघायचं. जुळला तर मॉडेल बरोबर.

माझं घोडं एका रेघेवर अडलं आहे. सूर्याचा प्रकाश रंगारंगांत पसरला की त्यात काळ्या रेघा दिसतात. त्यांतल्या कॅल्शियमच्या रेघेच्या मधोमध एक बारीक उजळ धार असते. ती धार सांगते, की सूर्यापासून वर जाताना हवा आधी निवत जाते आणि पुढे पुन्हा तापते. प्रेरणा हसली. "म्हंजी चुलीपासनं लांब गेल्याव चटका जास्त? असं कुठं असतंय व्हय, ताई?" मी म्हटलं, अगदी हेच कोडं आहे आणि ते अजून कुणाला पुरतं सुटलेलं नाही.

माझी नेमणूक मार्चपर्यंत. पुढे वाढायची तर जानेवारीतल्या परिषदेआधी ही धार माझ्या मॉडेलमधून निघायला हवी. मधुवंती मॅडम, म्हणजे आमच्या पुण्यातल्या गटाच्या प्रमुख, तसं थेट बोलल्या नाहीत. पण मी काही कुक्कुलं बाळ नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज घरात खरंच कुक्कुलं बाळ आलं. शनिवारी वेल्ह्याला दवाखान्यात प्रेरणाला मुलगी झाली, आज बंडूच्या टेम्पोतून मायलेकी घरी आल्या. माझ्या खोलीच्या बरोब्बर खालची खोली बाळंतिणीची. खिडकी कापडाने झाकली आहे, खाटेखाली शेगडी. सखूबाई निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकतात आणि त्या धुरात आईला आणि लेकीला शेक देतात. खोबरेल कोमट करून बाळाचं अंग चोळतात. सगळा वास माझ्या खोलीत येतो आणि मला भजी खावीशी वाटतात.

बाळ माझ्या मांडीवर दिलं. एवढ्याशा अंगात केवढी ऊब असते. मला सोडवेना.

मॉडेलमध्ये धार नाही. रेघ तळाशी काळी ठिक्कर.

१० डिसेंबर, बुधवार

निघाली. धार निघाली.

मी काय केलं ते इथे तरी सरळ लिहिते. वरच्या थरांत उष्णता आपणहून तयार होत नव्हती, तर मी हाताने घातली. एक आकडा, बस. नियमाने ही उष्णता कुठून आली हे दाखवावं लागतं. चळतीच्या तळाला मॉडेलची खालची सीमा असते. तिथून वर किती ऊर्जा येते ते मोजून-मापून बांधून टाकायचं असतं. मी ती सीमा उघडी सोडली. लागेल तेवढं खालून घे, म्हटलं. त्या सीमेच्या खाली काय असतं, हे कुणी विचारत नाही. आमच्यापुरता सूर्य तिथे संपलेला असतो.

चालू केलं आणि तासाभरात रेघेच्या पोटात ती उजळ धार उभी राहिली, खऱ्या सूर्यासारखी. मी खोलीत एकटीच नाचले. आकृती पाठवली तर मॅडमचा लगेच फोन आला. एवढ्या खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, ही उष्णता मॉडेलमधून आपोआप आली ना, हाताने नाही ना घातली? मी म्हटलं, आपोआप आली.

हे खोटं होतं. पण सगळेच थोडंफार असं करतात आणि नंतर नीट कारण शोधून लावता येईल, अशी मी माझी समजूत घातली.

खाली आज बाळाची पाचवी. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा झाली, मलाही प्रसाद आला. सखूबाई म्हणत होत्या, की दुपारपासून निखारे नुसते लाल दिसतात, शेकच लागत नाही. कोळसा ओला असेल, असं मानसिंगकाकांचं मत.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून मॉडेल पुन्हा लावलं, जास्त बारीक थर घेऊन. खालून सखूबाईंचा चिडका आवाज यायला लागला म्हणून उतरले. त्या तिसऱ्यांदा तेल कोमट करत होत्या. चुलीवर पातळ होतं, वाटीतून बाळंतिणीच्या खोलीत नेलं की थिजतं. वाटी मी हातात घेतली. भर दुपारी तेल पांढरं झालं होतं, तुपासारखं.

प्रेरणा दोन गोधड्यांत कुडकुडत होती. बाळ रडत होतं, पण बारीक आवाजात. थंडीचे दिवस, धरण जवळ, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

वर येऊन पाहिलं तर मॉडेल छान चाललं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज मी खात्री करून घेतली. करायला नको होती, असं आता वाटतं.

मॉडेल थांबवलं आणि खाली गेले. थोड्या वेळात शेगडीवर ओवा तडतडायला लागला, प्रेरणाने एक गोधडी बाजूला केली. वर जाऊन चालू केलं, पुन्हा खाली आले. ओवा निखाऱ्यावर पडला आणि तसाच पडून राहिला, जसा ताटात पडावा. सखूबाई चुलीकडे गेल्यावर मी त्या लाल निखाऱ्याला बोट लावलं. धरून ठेवलं. गार होता.

पुन्हा थांबवलं, पुन्हा चालू केलं. दर वेळी तेच.

लागेल तेवढं खालून घे, असं मीच सांगितलं होतं. ते घेतंय.

मॉडेल बंद केलं. आता लावणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

बाळ काल संध्याकाळपासून नीट पीत नव्हतं, म्हणून आज बंडूने टेम्पो काढला. मीही गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाळाचं अंग थंड पडलंय म्हणाले. सिस्टरनी दाखवलं, की बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दोघींना पांघरूण घालायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, शेगडीपेक्षा हे बरं. तिथे बाळ तापलं, प्यायलं, दुपारी आम्ही परत आलो.

येताना सखूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाटेत त्या रडायला लागल्या. पाचवीच्या पूजेत आपल्या हातून काहीतरी राहिलं, म्हणून सटवाईने नातीच्या अंगातली ऊब काढून घेतली, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. "माझंच चुकलं बघ, पोरी. म्या म्हातारीनं घाई केली," म्हणाल्या. आजपासून त्यांनी एक वेळचं जेवण सोडलंय. मी त्यांचा हात धरून बसले.

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, फाइली पाठव, पुण्याच्या मोठ्या मशीनवर लांब पल्ल्याचं मॉडेल चालवू. मी पाठवल्या. पाठवल्यावर हायसं वाटलं. आता गार पडेल ते तिकडे पडेल, असं मनात आलं. हे मनात आलं, म्हणून लिहून ठेवते आहे. मी अशी आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पुण्यात मॉडेल सुरू झालं, सकाळी. माझा कॉम्प्युटर बंद आहे. बंदच काय, वायर काढून ठेवली आहे.

आणि इथे शेगडी गेली. मग चूल. लाकडं जळतात, ज्वाळ दिसते, पाणी तापत नाही.

कारण मला दुपारी सुचलं. दुर्बिणीच्या प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ठिकाण लिहिलेलं असतं, कुठून पाहिलं ते. मॉडेल ती नोंद घेऊनच चालतं. ते पुण्यात चालो नाहीतर आणखी कुठे, त्याच्यासाठी खाली म्हणजे इथे.

माणसं अंगणात येऊन उन्हात बसली. ऊन स्वच्छ आहे, डोळे दिपतात. पण लागत नाही. काकांनी शर्ट काढून पाठ उन्हाला दिली आणि म्हणाले, "सूर्य हाय, पर त्यात जीव न्हाई." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की तुमच्या शिक्षणात असं कशानं होतं ते असेल ना? मी म्हटलं, माहीत नाही.

तीन दिवस चालणार आहे ते मॉडेल. मंगळवारी संध्याकाळी संपेल.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडमना सांगायला हवं. उष्णता हाताने घातली, सीमा उघडी ठेवली, खोटं बोलले. एवढं सांगितलं तर मॉडेल त्या क्षणी थांबवतील. निखाऱ्यांचं सांगायची गरजच नाही.

आणि माझं सगळं संपेल. नेमणूक, नाव, सगळं. खोटी आकृती देणारी मुलगी. या क्षेत्रात हे कुणी विसरत नाही.

सकाळी फोन हातात घेतला. ठेवला. म्हटलं, जेवून करते.

जेवल्यावर म्हटलं, बाळ आत्ता झोपलंय, बरं दिसतंय.

बंडूने टेम्पो सुरू करायचा प्रयत्न केला, बाळाला दवाखान्यात न्यायला. इंजिन धरेना. चुलीतलं जळतं लाकूड खाली धरलं तरी नाही. अँब्युलन्सला फोन केला. ती घाट उतरून वस्तीच्या वळणापर्यंत आली आणि तिथेच बंद पडली. ड्रायव्हर पायी वर आला, कुडकुडत. म्हणाला, डिझेल गोठलं. या भागात असं कधी ऐकलं नाही.

सखूबाईंनी सटवाईला नवस बोलला. माझ्यासमोर. डोकं जमिनीला टेकवून, माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत होत्या. मी दारात उभी होते, फोन हातात. सांगितलं नाही.

उद्या सकाळी नक्की.

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळ

बाळ आज रडलं नाही. रडतच नाही. ओठ निळसर.

फोन केला. सगळं सांगितलं, एका दमात. आकडा, सीमा, खोटं. निखाऱ्यांचंही. रडले.

मॅडम रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, की हातची उष्णता आपल्यात सगळेच घालतात, तळटीप टाकू, त्यात एवढं काय. निखाऱ्यांचं ऐकून म्हणाल्या, तू फार दिवस एकटी आहेस, दोन दिवस भोरला जाऊन ये. मी म्हटलं, थांबवा. आत्ता थांबवा, मॅडम, एक लहान बाळ आहे. त्या म्हणाल्या, अगं, निकाल इतका सुंदर येतोय, संध्याकाळी संपेलच. आणि आता —

आता ते इतर गटांनाही दिलंय, म्हणाल्या. दुसऱ्या ताऱ्यांसाठी. माझ्याच फाइली, खालची सीमा तशीच ठेवून. त्यांच्या नोंदींच्या माथ्यावर त्यांची ठिकाणं असतील.

पुन्हा फोन केला. उचलत नाहीत.

म्हणजे काल सांगितलं असतं तरी थांबलं नसतं, असं म्हणता येईल. नाही म्हणणार. शनिवारी दिलंच नसतं तर. दहा तारखेला "हाताने घातली" एवढंच म्हटलं असतं तर.

दुपार

मानसिंगकाका आणि बंडू चालत पानशेतकडे गेलेत, दुसरी गाडी आणायला. गाडी वर येणार नाही, मला माहीत आहे. बाळाला चालत न्यावं तर मोकळ्यावर जास्त गार. सखूबाई घेऊन निघाल्या होत्या, बांधापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पदरावर पांढरं दंव साचलं होतं.

प्रेरणाने सकाळपासून बाळाला छातीवर धरलं होतं, सिस्टरनी दाखवलं तसं. बाळ थोडं तापलं. प्रेरणा मात्र — तिची बोटं काळीनिळी, बोलताना जीभ जड. मग सखूबाईंनी घेतलं. बाळ तापलं, सखूबाई थरथरायला लागल्या.

तेव्हा कळलं. जो खाली असेल त्याची ऊब आधी जाते. बाळ वर असेल तर बाळाची राहते.

म्हटलं, आता माझ्याकडे द्या. मीच घेते. संध्याकाळपर्यंत मीच.

अंगणात, भिंतीला टेकून. उन्हात. वरून गोधडी. छातीवर बाळ. वही गुडघ्यावर.

नंतर

बाळ तापतंय. खरंच. तळवा गुलाबी झाला.

माझे पाय कळत नाहीत.

सखूबाईंना सांगितलं. मीच केलं, वर बसून, मशीनमध्ये, तुमची काही चूक नाही, जेवा. नीट, सोप्या शब्दांत. त्यांनी ऐकलं. डोक्यावरून हात फिरवला. गारठ्यानं बडबडतेय, म्हणाल्या प्रेरणाला. मग माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागल्या.

पुन्हा सांगितलं. त्यांनी गप म्हटलं. दमू नकोस, म्हणाल्या.

बाळ पितंय

प्रेरणाने वाकून, माझ्या छातीवरून न उचलताच — बाळ पितंय. रडलंसुद्धा मघाशी. मोठ्याने. वरचा पत्रा वाजला त्याने, किंवा मला वाटलं

ऊन अजून बरंच वर आहे. संध्याकाळ लांब —

हात —

सखूबाई रडताहेत. चांगल्या रडताहेत. म्हणतात, "देवावानी आलीस, पोरी. हिचं नाव तुझंच ठिवायचं. अश्लेषा."

नाही म्हणायला तोंड हलत नाही. लिहिते. प्रेरणा वाचेल. प्रेरणा, सगळं वाच, पहिल्यापासून, आईला वाचून दाखव. आणि बाळाला माझं नाव ठेवू न